डाग, खार आणि रिठा : वस्त्रशुद्धीच्या इतिहासाचीं कांहीं साधनें

जुन्या दरबारांचीं व दिवाणखान्यांचीं वर्णनें वाचतांना बिछायतीचा उल्लेख हटकून येतो. गालिचे अंथरले, जाजमें घातलीं, लोड-तक्के मांडले, अत्तरगुलाब झाला, विडे वांटले, मंडळी उठली. येथें वर्णन संपतें. मंडळी उठून गेल्यावर त्या बिछायतीवर विड्याचे, तेलाचे व शाईचे जे डाग मागें राहत, ते कोण काढी, कशानें काढी, आणि डाग काढतांना वस्त्र कसें राखी, हा प्रश्न वर्णनकारास पडत नाहीं. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. या विषयाचीं साधनें निरनिराळ्या काळांतील ग्रंथांत विखुरलेलीं आहेत. त्यांपैकीं मुख्य तेवढीं येथें एकत्र मांडून, त्यांवरून निघणारा एक सिद्धांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो असा, कीं डाग काढण्याचा आमच्याकडील जुना नियम डाग पाहून नव्हे, तर आधीं वस्त्र पाहून ठरलेला होता. आणि हा नियम सुटल्यापासून जुन्या मोलाच्या वस्त्रांची हानि डागांपेक्षां धुण्यानेंच अधिक होऊं लागली.

हा विषय अगदींच अस्पर्शित आहे असें नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) यांनीं रिठे, साबण व परीट यांच्या इतिहासावर इंग्रजींत स्वतंत्र टिपण लिहिलें आहे. त्यांचा भर शब्दांच्या व उल्लेखांच्या कालानुक्रमावर होता. आमचा भर वस्त्राच्या प्रकृतीवर आहे.

(१) फरासखाना व त्यांतील माल

शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादींत फरासखान्याची गणना आहे. फर्श या अरबी शब्दाचा अर्थ अंथरलेली वस्तु असा असून, ती अंथरणारा तो फरास. तंबू, कनाती, जाजमें, सतरंज्या व गालिचे यांची निगा या खात्याकडे असे. पुण्यास बुधवार पेठेंत फरासखाना हें नांव अद्याप नांदत आहे. मोंगल दरबारांतील याच खात्याची हकीकत अबुल फजलनें ऐने-अकबरींत दिली आहे. तींत एका गालिच्याचें माप २० गज ७ तसू लांब व ६ गज ११॥ तसू रुंद असें देऊन, त्यास १८१० रुपये पडले व जाणते लोक त्याची किंमत २७१५ रुपये करितात, असें लिहिलें आहे. सोळाव्या शतकांतील रुपयाचें मोल ध्यानांत घेतलें, म्हणजे अशा वस्तूवर तेलाचा एक थेंब सांडणें ही केवढी गोष्ट होती, हें सांगावयास नको.

आतां जाजम व गालिचा यांतील भेद पाहिला पाहिजे. कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. जाजम व सतरंजी हीं सामान्यतः निव्वळ सुताचीं. गालिच्याचें तसें नाहीं. हिंदुस्थानांत विणल्या जाणाऱ्या बहुतेक जुन्या गालिच्यांचा ताणा व बाणा सुताचा, आणि वरची लव मात्र लोंकरीची. सूत वनस्पतिज आहे. खाराचें पाणी, उकळी व दगडावरील आपटणें तें पुष्कळ सोसतें. लोंकर व रेशीम हीं प्राणिज आहेत; तीव्र खारानें त्यांचा तंतु कुजल्यासारखा होतो, आणि कढत पाण्यांत चोळल्यास लोंकर आटून तिचा नमदा बनतो. म्हणजे एकाच गालिच्यांत दोन भिन्न प्रकृतीचीं द्रव्यें एकत्र गुंतलेलीं असतात, व एकास मानवणारा उपाय दुसऱ्यास मारक ठरतो. मळलेलें जाजम परटाच्या भट्टींत जाऊं शके. गालिचा तेथें पाठविणें म्हणजे तो गमावणेंच होय.

(२) स्मृतींतील द्रव्यशुद्धि

वस्त्रागणिक शोधनद्रव्य निराळें, हा विचार आमच्याकडे किती जुना आहे याचा पुरावा मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत मिळतो. द्रव्यशुद्धीच्या प्रकरणांत तेथें असें सांगितलें आहे, कीं रेशमी व लोंकरीचीं वस्त्रें खारवट मातीनें, कुतप म्हणजे डोंगरी बकऱ्यांच्या लोंकरीच्या कांबळी रिठ्यांनीं, अंशुपट्ट म्हणजे झाडाच्या सालीच्या तंतूंचीं तलम वस्त्रें बेलफळांनीं, आणि क्षौम म्हणजे जवसाच्या तंतूंचीं वस्त्रें पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावीं. याज्ञवल्क्यस्मृतींत हीच मालिका थोड्या फरकानें येते. तेथें लोंकर व रेशीम यांच्यासाठीं खारवट मातीच्या जोडीस पाणी व गोमूत्र सांगितलें आहे. या स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली, व बाराव्या शतकांत कोंकणच्या शिलाहार कुळांतील अपरादित्यानें आपली विस्तृत टीका लिहिली. दक्षिणेंतील दोन मोठ्या टीकाकारांच्या हातून हें प्रकरण गेलें असल्यामुळें आमच्या प्रांतीं तें अपरिचित नव्हतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं ही शुद्धि धार्मिक आहे. तिचा मळाशीं व डागाशीं संबंध काय? आमचें उत्तर असें : केवळ विधीचा प्रश्न असता तर सर्व वस्त्रांस एकच प्रोक्षण पुरलें असतें. चार जातींच्या वस्त्रांस चार निरनिराळीं द्रव्यें सांगावीं लागलीं, याचें कारण अनुभव. रिठ्याचा फेस सौम्य असतो. त्यांत खाराची तीव्रता नसल्यामुळें उंची लोंकर त्यानें बिघडत नाहीं. काश्मिरी शाली धुण्यास रिठाच वापरीत, हें प्रसिद्ध आहे. बेलाचा गीर व पांढऱ्या मोहरीचें वाटण हीं दोन्ही बुळबुळीत व सौम्य. तलम तंतूंस तीं इजा करीत नाहींत. राहतां राहिली खारवट माती. लोंकरीस खार वर्ज्य, मग स्मृतिकार तोच कसा सांगतात, असा आक्षेप येईल. परंतु कच्च्या लोंकरीस मेंढीच्या अंगची चरबी चिकटलेली असते व ती कोमट पाण्यांतील मंद खारानेंच सुटते. गोमूत्र शिळें झालें म्हणजे त्यांतून नवसागराच्या जातीचा असाच मंद खार निर्माण होतो. रोमन लोकांचे वस्त्रशोधकही शिळें मूत्र याच कामीं वापरीत. तेव्हां जाड लोंकरीस मंद खार, व उंची कांबळीस मात्र रिठा, हा स्मृतींतील भेद सर्वस्वीं व्यवहारास धरून आहे.

(३) धुणारा

हें ज्ञान ग्रंथकारांनीं कोणापासून घेतलें? तें धुणाऱ्यांच्या हातांतलें होतें. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत रजकांविषयीं जे नियम आहेत, ते या दृष्टीनें वाचण्यासारखे आहेत. वस्त्र लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच धुवावें. इतरत्र धुतल्यास वस्त्राच्या हानीची भरपाई व ६ पण दंड. गिऱ्हाइकाचें वस्त्र विकल्यास, भाड्यानें दिल्यास किंवा गहाण टाकल्यास १२ पण दंड. परत करण्याची मुदतही वस्त्राप्रमाणें ठरलेली : पांढरें वस्त्र साधारण एका रात्रीपासून पुढें धुलाईच्या दर्जाप्रमाणें, फिकट रंगाचें ५ रात्रींनीं, निळें ६ रात्रींनीं, आणि फुलांच्या, लाखेच्या किंवा मंजिष्ठाच्या रंगाचें, जपून हाताळावयाचें उंची वस्त्र ७ रात्रींनीं. रंगीत वस्त्रास वेळ अधिक द्यावा लागतो, घाई केल्यास तें बिघडतें, हें राजशासनासही मान्य होतें. मनूनें आठव्या अध्यायांत धोब्यास सांवरीच्या गुळगुळीत फळीवर हळू हळू धुण्याची आज्ञा केली आहे. सांवरीचें लांकूड मऊ असतें, हें येथें ध्यानांत ठेवावें.

पाली वाङ्मयांतील साक्ष याहून बोलकी आहे. संयुत्तनिकायांतील खेमक नांवाच्या भिक्षूच्या सूत्रांत मळलेल्या वस्त्राचा दृष्टांत येतो. धनी तें धोब्याकडे देतो. धोबी खारवट माती, खार व शेण यांनीं तें मळतो व स्वच्छ पाण्यांत खळबळतो. वस्त्र निर्मळ होतें, तरी त्या तीन द्रव्यांचा वास मागें राहतो; म्हणून धनी तें सुगंधी पेटींत ठेवतो. दृष्टांताचा हेतु अध्यात्माचा आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकास त्यांतून धुलाईची सबंध कृति क्रमवार मिळते. शिवाय, डाग काढणारें द्रव्य स्वतःच वस्त्रांत मागें राहतें व तेंही काढावें लागतें, ही बारीक गोष्ट त्या काळींही जाणलेली होती, हें कळतें.

या ठिकाणीं एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. ज्या मनुस्मृतींत वस्त्रशुद्धीचीं द्रव्यें दिलीं आहेत, तिच्याच चौथ्या अध्यायांत कपडे धुणाऱ्याचें अन्न निषिद्ध मानलें आहे. ज्याच्या हातून वस्त्र शुद्ध व्हावयाचें, त्याच्या हातचें अन्न मात्र अशुद्ध. आमच्या गांवगाड्यांत परीट बारा बलुतेदारांपैकीं एक. त्याच्यावांचून गांवचें चालत नसे. तरीही त्याची विद्या कोणी त्याच्या नांवानें लिहून ठेवली नाहीं. स्मृतिकारानें तिला नियम केलें, भिक्षूनें दृष्टांत केला, राजानें तिजवर दंड बसविला. खुद्द धुणाऱ्याचें तोंड मात्र आम्हांस कोठेंच दिसत नाहीं. परीट कुळांत जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनीं (१८७६-१९५६) हातीं खराटा घेऊन गांवोगांव स्वच्छतेचा धडा दिला, तेव्हां या कुळाचें नांव समाजानें प्रथम आदरानें उच्चारलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

(४) खार कोठून येई

धुलाईचा खार दोन वाटांनीं मिळे. एक, खारवट जमिनीवर फुलून येणारी माती. स्मृतींतील ऊष तो हाच. दुसरी, खाऱ्या झाडोऱ्याची राख. तिच्यापासून सज्जीखार निघे. महाराष्ट्रांत यांखेरीज एक तिसरें व अपूर्व स्थान होतें, तें म्हणजे वऱ्हाडांतील लोणार. उल्कापातानें झालेल्या या सरोवराचें पाणी सोड्याच्या जातीच्या खारानें भरलेलें आहे. ऐने-अकबरींत वऱ्हाडसुभ्याच्या वर्णनांत मेहकरच्या अंमलांतील लोणारचा उल्लेख असून, कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें तेथें मिळतात असें अबुल फजल नमूद करितो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडचा खार साबणाच्या कामीं लागतो, हें दिल्ली-आग्र्याच्या दप्तरास ठाऊक होतें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठाशीं जमणाऱ्या या खाराचे दर्जे पाडून त्यांस दल्ला, खुपल, पापडी, भुसकी अशीं नांवें दिलेलीं होतीं. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें पाश्चात्यांस या विवराची ओळख करून दिली. खाराचा तो व्यापार आतां राहिलेला नाहीं. २०२० सालापासून हें सरोवर रामसर करारान्वयें रक्षित पाणथळांच्या यादींत आहे. धुलाईच्या इतिहासांतील त्याचें स्थान मात्र विसरतां कामा नये.

भट्टीची रीत अशी : सुती कपडे खाराच्या पाण्यांत भिजवून, खालीं पाणी उकळत ठेवून वाफेवर रात्रभर रचावयाचे, सकाळीं दगडावर आपटून वाहत्या पाण्यांत काढावयाचे, व उन्हांत पसरावयाचे. वाफेनें तेल सुटतें, खार त्यास पाण्यांत मिसळवितो, व ऊन उरलासुरला रंग खातें. परीटघडी हा आमच्या भाषेंतील शब्द या सबंध खटाटोपाचें शेवटचें टोंक होय.

(५) दिवाणखान्यांतील डाग

आतां डागांकडे वळूं. बिछायतीवरील नेहमींचे डाग चार : तेल, शाई, विडा व हळद. प्रत्येकाची प्रकृति निराळी आहे.

समईचें किंवा हंडीचें तेल गालिच्यावर सांडलें तर पाणी घालणें हा पहिला अपराध. तेल पसरतें व खोल जातें. त्यावर डाळीचें पीठ किंवा मुलतानी माती दाबून ठेवावयाची, ती तेल पिऊन घेते, मग ती झटकावयाची, हीच शहाणपणाची रीत. येथें खाराची व चोळण्याची गरजच पडत नाहीं. म्हणून लोंकरीस ती मानवते.

दप्तरांतील जाजमावर सांडणारी शाई काजळाची. काजळ पाण्यांत, खारांत किंवा आंबटांत कशांतच विरघळत नाहीं. म्हणूनच मोडी कागद शतकानुशतकें टिकले. तें धरून ठेवणारा गोंद मात्र पाण्यांत विरतो. डाग ओला असतांनाच थंड पाण्यानें टिपून घेतला तर काजळ निघतें. एकदां तें तंतूंत बसलें म्हणजे कोणताही खार त्यास हलवूं शकत नाहीं. जो गुण दप्तर राखतो, तोच जाजमास बाधतो.

विड्याच्या डागांत काताचा तुरट रस व चुना हे दोन्ही एकत्र असतात. चुन्यास आंबट लागतें. म्हणून लिंबू किंवा आंबट ताक लावण्याचा घरोघरीं प्रघात पडला. तुरट रसास लोखंड लागलें तर तो काळा पडतो. म्हणून असा डाग लोखंडी भांड्यांत भिजवूं नये.

हळदीची गोष्ट सर्वांत मौजेची. हळदीच्या डागास खार किंवा साबण लावतांच तो लाल होतो. नवशिक्यास वाटतें, वस्त्र गेलें. वस्तुतः हळदीचा रंग खारानें लाल व आंबटानें पुनः पिंवळा होतो. आमच्या घरचें कुंकू याच गुणावर तयार होत आलें आहे. हळदीस खाराचा संस्कार झाला म्हणजे तिचें कुंकू होतें. हा डाग घालविणारा खरा धोबी म्हणजे सूर्य. कडक उन्हांत हळदीचा रंग आपोआप उडतो. सुती वस्त्रास हा उपाय निर्धोक आहे. रंगीत गालिचा मात्र फार वेळ उन्हांत ठेवला तर हळदीबरोबर त्याचे स्वतःचे रंगही उतरूं लागतात. येथेंही शेवटीं वस्त्र पाहूनच ठरवावें लागतें.

(६) साबण, पाणी व लिंबू

साबण हा शब्द अरबी-फारसींतून आला. तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देहूसारख्या गांवींही सर्वपरिचित होता, याची साक्ष तुकोबांच्या गाथ्यांत आहे. पाणीच स्वच्छ नसतां साबणाचा उपयोग होत नाहीं, या व्यवहारांतील अनुभवावर त्यांनीं चित्तशुद्धीचा दृष्टांत रचिला आहे. तेथें जीवन हा शब्द पाण्याच्या अर्थीं आहे. श्रोत्यांस साबण ठाऊक नसता तर दृष्टांत लागू पडला नसता. तुकोबांचें निर्याण १६५० चें. तेव्हां विलायती वड्या येण्याच्या दोन शतकें आधीं साबण मराठी बोलींत रुळला होता, हें निश्चित.

त्या दृष्टांतांत रसायनशास्त्राचा एक धागाही दडला आहे. विहिरीच्या जड पाण्यांत चुन्याचा अंश असतो. साबण त्याशीं मिळून त्याचा चोथा होतो व तो चोथाच वस्त्रास चिकटतो. रिठ्याचें तसें होत नाहीं. जड पाण्यांतही त्याचा फेस टिकतो. कोंकणांत व सह्याद्रीच्या परिसरांत रिठ्याचें झाड आपोआप वाढतें. तेव्हां साबण माहीत असूनही घरोघरीं रिठा टिकला, यास काटकसरीइतकेंच पाण्याचेंही कारण आहे.

पाण्याचें हें महत्त्व परकीय प्रवाशांच्याही ध्यानांत आलें होतें. सतराव्या शतकांत अनेक वेळां हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये लिहितो, कीं भडोचेस सुती कापड शुभ्र करण्यासाठीं लांबलांबून येई. कारण तेथें पाणी व मोकळीं कुरणें विपुल होतीं, व लिंबेंही मुबलक मिळत. लिंबाच्या पाण्यांतून काढल्याखेरीज कापडास खरी शुभ्रता येत नसे. खारानंतर आंबट देण्याचें मर्म उघड आहे : वस्त्रांत मागें राहिलेला खार आंबटानें मारला जातो. खेमकसूत्रांतील धन्यानें वास झांकण्यासाठीं सुगंधी पेटी घेतली. भडोचच्या धोब्यांनीं तो खारच निर्मूल केला.

(७) नियम सुटला तो कसा

एकोणिसाव्या शतकांत दोन गोष्टी घडल्या. १८५६ त पर्किन यानें डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला व थोड्याच वर्षांत असे रंग हिंदुस्थानच्या बाजारांत आले. मंजिष्ठ व लाख यांचे जुने रंग, तुरटीचा योग्य संस्कार झालेले असले म्हणजे, पाण्यास दाद देत नसत. या नव्या रंगांपैकीं आरंभींचे पुष्कळसे पाणी लागतांच फुटत. बंदीवानांकडून गालिचे विणवून घेण्याचे कारखाने सरकारनें तुरुंगांत काढले. येरवड्याचा तुरुंग त्यांपैकींच. जॉर्ज बर्डवुड यानें १८८० च्या आपल्या ग्रंथांत या तुरुंगी मालावर व नव्या रंगांवर कडक टीका केली आहे. दुसरी गोष्ट साबणाची. १८८८ च्या सुमारास विलायती वड्या कलकत्त्याच्या बंदरीं उतरूं लागल्या, व १९१८ पासून मुंबईस गोदरेज यांनीं चरबीविरहित, वनस्पतिज तेलाचा साबण काढला. या स्वदेशी साबणानें कित्येक घरांची धार्मिक अडचण दूर केली, हें त्याचें श्रेय होय. परंतु एकच वडी सूत, रेशीम व लोंकर या तिन्हींस चालते ही समजूत याच काळांत रूढ झाली, आणि वस्त्र पाहून उपाय हा जुना विवेक हळू हळू मागें पडला.

याचा परिणाम आम्ही वाड्यांतून व लहान संग्रहांतून पाहत आलों आहों. डाग असलेले जुने गालिचे अजून टिकून आहेत. धुवून घेतलेल्यांची लव मात्र झडली आहे व लाल रंग पांढऱ्यावर उतरला आहे. ज्यांच्या घरीं असे गालिचे, शालू किंवा शाली असतील, त्यांस आमची विनंति आहे, कीं ओल्या पांढऱ्या फडक्यानें एक कोंपरा दाबून पाहिल्यावांचून, व फडक्यास रंग लागत नाहीं अशी खात्री झाल्यावांचून, त्यांस पाणी दाखवूं नये; आणि मोलाची वस्तु असल्यास तज्ज्ञाच्या हातींच द्यावी. शिवाय जुना डाग हाही एक पुरावा असतो. काजळाचा ठिपका तेथें लेखणी चालत होती हें सांगतो, तेलाचा वण समई कोठें होती हें सांगतो.

ज्यांच्या दप्तरीं घरखर्चाच्या किंवा देवस्थानाच्या जुन्या वह्या असतील, त्यांनीं त्यांत रिठे, सज्जीखार, साबण व परटाचें बलुतें या बाबी कोणत्या सालीं व काय भावानें पडल्या आहेत तें पाहून उतारे प्रसिद्ध करावे. राजांच्या खजिन्यांचे हिशेब आम्ही पुष्कळ छापले. परटाच्या हिशेबांतून एका मोठ्या वर्गाची विद्या व तिचें मोल हीं दोन्ही उजेडांत येतील, आणि तें ऋण फेडण्यास आधींच उशीर झाला आहे.